चाळिसाची लाथ

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात पांढरकवड्याच्या हमरस्त्यावर, गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली, रोज सकाळी दोनशे माणूस जमायचं. बंसीलालशेठच्या निळ्या अमेरिकन गाडीला भूत लाथ मारतं, ते बघायला. ट्रकवालेही ट्रक थांबवून उभे राहायचे.

गाडी नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, रपट्यावरून, हळू यायची, चढाला लागायची, जोर धरायची आणि नेमकी मोहाच्या झाडाशी आली की मागून कोणीतरी सणसणीत लाथ घातल्यासारखी हबकायची. आतल्यांच्या माना मागे जायच्या. पुढे जाऊन थांबली की पोटाखालून लाल थेंब टपटपायचे. मातीत पडलेला तो लाल डाग झाडाखाली ठाण मांडून बसलेले चिमटेबाबा बोटानं उचलायचे आणि लोकांच्या कपाळी लावायचे. "श्रावन का जीव गिअर में अटका है, बच्चा! खून रो रहा है!" गिअर हा शब्द बाबा आठवड्यापूर्वीच शिकले होते, पण उच्चारायचे असे, की जणू हिमालयातून आणलाय.

श्रावण म्हणजे शेठचा ड्रायव्हर. चैत्रात याच झाडाजवळ त्याच्या छातीत कळ आली. त्या माणसानं गाडी सावलीला घेतली, बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून प्राण सोडला. गाडीला ओरखडासुद्धा नाही. त्याच्या जागी ट्रकवरचा नेमसिंग आला आणि त्याच दिवसापासून गाडी लाथ मारायला लागली. श्रावण होता तोवर तिनं कधी असं केलं नव्हतं. आता याला काय म्हणणार?

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. शेठनं मलाही एकदा गाडीत बसवलं. म्हटलं बसू, हसू, उतरू. मोहाशी आलो, धक्का बसला आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी मागं वळून रिकाम्या सीटकडे बघितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी नववीला गतीचे नियम शिकवताना माझी मलाच लाज वाटली.

गंमत म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण बाबांनी भुताचं कारण शोधलं. श्रावणचं घर चार वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं. तेरवी नाही, पिंड नाही. म्हणून जीव अडकला. उपाय एकच: श्रावणच्या बायकोनं, सत्यभामानं, सोमवारी मोहाखाली सगळ्यांदेखत नाक घासून "आमचं चुकलं" म्हणायचं आणि जुने देव पुन्हा मांडायचे. नाहीतर शेठच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारातली राहती खोली सोडायची. शेठ माणूस वाईट नव्हता, पण पुरता घाबरलेला होता.

मी तिच्या खोलीवर गेलो. ती रडत नव्हती. नाक घासणार नाही, खोली सोडीन, असं तिनं सरळ सांगितलं. मग आवाज खाली आणून तिनं मलाच विचारलं, की गुर्जी, ते खरंच तिथं असतील का? मी उगाच विचारलं, श्रावण गाडीबद्दल काही बोलायचा का?

"बोलत नं," ती म्हणाली. "म्हनत, जोर देला का हे चाळिसाले लाथ मारते. म्हून मी पाय हलकाच ठेवतो."

मी तिथेच ताडकन उठलो. म्हणजे लाथ श्रावण जिवंत असतानाची होती!

शेठच्या पुतण्याला वेगाचं वेड. त्यानं श्रावण असतानाच नागपूरच्या एका मिस्त्रीकडून गाडीचं इंजिन जोरकस करून घेतलं होतं. त्या मिस्त्रीला मी उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड टाकलं. शनिवारी उत्तर आलं. या गाडीला पायानं दाबायचा क्लच नाही, दोन गिअर, आपोआप बदलतात. पाय हलका असला तर ताशी वीस मैलांलाच गिअर बदलतो. पूर्ण दाबला तर खालचा गिअर चाळीस मैलांपर्यंत ताणतो, ती त्याची हद्द. इंजिनचं बळ वाढवल्यावर गिअरच्या चकत्या घसरून जळायला लागल्या. म्हणून त्यानं आत तेलाचा दाब वाढवला. आता चकत्या एकदम पकडतात. गाडी टिकेल, पण जोर दिला तर धक्का बसणारच, तुमच्या तेव्हाच्या ड्रायव्हरला सांगितलं होतं. शेवटी एक ओळ होती: या गिअरचं तेल कंपनीच लाल रंगवते, गळालं तर ओळखू यावं म्हणून, दाबामुळं थोडं गळेल.

सोमवारी मोहाखाली जत्रा. मी शेठला म्हटलं, नाक घासायच्या आधी एक चक्कर, पण गावाच्या पलीकडच्या सपाट रस्त्यावर. पुढं नेमसिंग आणि शेठ, मागं मी, सत्यभामा आणि बाबा. शेठला सांगितलं, वेगाच्या काट्यावर डोळा ठेवा. बाबांनी डोळे मिटून जाहीर केलं, "यहाँ कुछ नहीं है, बच्चा, वो तो पेड़ पर है."

नेमसिंगनं पाय दाबला. वीस. तीस. पस्तीस. मी सत्यभामाला पुढची सीट धरायला सांगितलं. बाबांना सांगायचं राहून गेलं. चाळिसाला धाडकन लाथ बसली, आणि बाबांचा फेटा मागच्या काचेवर जाऊन आदळला. ना मोह, ना चढ, ना श्रावण. थांबलो तर खाली लाल थेंब.

परत येऊन मोहाच्या चढावर नेमसिंगला पाय हलका ठेवायला लावला. रपटा, चढ, झाड. गाडी लोण्यातून जावी तशी गेली.

"ट्रकची सवय," नेमसिंग ओशाळून म्हणाला. "रपट्यावरून निंघालो का चढाले पाय पुरा दाबाचा. मले काय मालूम?" रोज तोच रपटा, तोच पूर्ण दाबलेला पाय, म्हणून काटा चाळिसाला पोचायचा तोही रोज त्याच झाडाशी. मी सगळ्यांना मिस्त्रीचं कार्ड वाचून दाखवलं. वाचून होईपर्यंत बाबा हैदराबादच्या ट्रकमध्ये बसलेही होते. शेठ सत्यभामासमोर येऊन हात जोडून उभे राहिले आणि खोली तुझीच आहे म्हणाले.

गर्दी पांगली. ती झाडाजवळ उभी राहिली. मला वाटलं, सुटली म्हणून आनंद झाला असेल.

"भूत असतं तं बरं झालं असतं, गुर्जी," ती म्हणाली. "येक डाव बोलली असती मी त्यायच्यासंग."

अजूनही त्या झाडावरून जाताना तिचं ते बोलणं माझ्या मागं येतं, आणि त्याला कुठल्याही कार्डावर उत्तर नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला ते झाडाखाली दिसणारच. त्यात लाज कसली? पण त्या दुःखावर कोणी दुकान मांडून बसला आणि तुम्हाला नाक घासायला सांगू लागला, तर आधी त्याला दुसऱ्या रस्त्यावर न्या. काटा बघा. धक्का तिथंही बसतो का, तेवढं विचारा.