सकाळचे पाहुणे

पाहुणे दुपारी चारलाच बोलवायचे, हा आमच्या घरचा कायदा. कारण सकाळी आईला धड दिसत नाही. बुबुळाच्या आतल्या पेशी झडत चालल्यात, त्या परत येत नाहीत, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. रात्रभरात बुबुळात पाणी साचतं, दिवस चढला की ओसरतं. आजीलाही तेच होतं. मला होण्याची शक्यता निम्मी. "सोयरीक जमूस्तर तोंड उघडायचं न्हाई," असा बाबांनी दम भरलेला. त्याचा मला संताप यायचा, पण ज्याचं स्थळ आलं होतं तो वैजनाथ फोनवर बोलला तेव्हाच आवडला होता, म्हणून मीही गप्प बसले.

आणि उमरीचे पाहुणे सकाळी आठलाच जळकोटात हजर! दुपारी त्यांना लातुरात लग्न होतं म्हणे. वैजनाथ, त्याची विधवा आई केवळाबाई आणि मावशी. स्वयंपाकघरात मी आईच्या कानात सांगितलं, "खिडकीकडं मावशी बसल्यात. त्यांनाच कुंकू लाव. शेजारी केवळाबाई हायत."

आई करंडा घेऊन निघाली. घर तिला पाठ होतं, चाचपडावं लागलं नाही. तेवढ्यात मावशींना ऊन लागलं आणि दोघींनी जागा बदलल्या. मी पोह्यांचा ट्रे धरून दारात. ओरडावं तर बिंग फुटणार. मी ओरडले नाही. आईनं खिडकीकडच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवलं.

केवळाबाईंच्या कपाळावर.

मावशी ताडकन उठल्या. "विधवा बाईची थट्टा करून राहिलात काय?"

आईला काही उमजेना. तिचा हात तसाच हवेत. माझ्या आईला कुणी असं बोलावं, हे मला सोसवेना.

"तिला सकाळी दिसत न्हाई," मी म्हणाले. "बुबुळाचा आजार हाय. आजीला होता. उद्या मला होऊ शकतो, माझ्या पोरांना पण होऊ शकतो. आमी लपवलं."

बाबांनी मान खाली घातली. केवळाबाईंनी पदरानं कपाळ सावकाश पुसलं. संपलं सगळं, मला वाटलं. मग त्यांनी आईचा तोच हात धरून तिला शेजारी बसवलं.

"तुला दिसतंय का गं सकाळचं?" त्यांनी मला विचारलं.

"सध्या तर दिसतंय."

पोहे तसेच राहिले. निघताना मात्र केवळाबाई उंबऱ्यात थांबल्या.

"आता आमचं घर बघायला या, कस्तुराबाई," त्या आईला म्हणाल्या. "पण दुपारच्याला या. सगळं नीट बघून घ्या."