पाच वाजेपर्यंत आबा

सकाळी दहापासून पंचफुलाबाई ठेवणीतलं पातळ नेसून कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या आणि कॉम्प्युटर त्यांना काळा चौकोन दाखवत होता. चौकोनात एक गोल फिरे, दमला की थांबे, आणि हे चित्र इथे चालणार नाही असं इंग्रजीत सांगे.

त्या चौकोनाच्या आत पंचफुलाबाईंचे वडील होते.

मारोतीआबांची हयात आदिलाबादच्या जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत गेली. सहा वर्षांपूर्वी जिनिंगच्या मजुरांवर कोणी माहितीपट काढला, त्यात आबा दोन मिनिटं बोलले आणि चार महिन्यांनी वारले. मागे उरला तो आधार कार्डावरचा फोटो. त्यात आबा नुकतीच अटक झाल्यासारखे दिसतात. आवाज कुठेच नव्हता. परवा त्या माहितीपटवाल्यांपैकी एकाचा फोन आला, की चित्र वर्षभरापासून ऑनलाइन आहे, पण करार संपला, रविवारी संध्याकाळी पाचला काढणार.

आज रविवार होता.

पंचफुलाबाईंच्या नवऱ्याचा, खुशालरावांचा, मोबाइल शुक्रवारी पाण्याच्या टाक्यात पडला होता आणि तांदळाच्या डब्यात विश्रांती घेत होता. शेजारच्या संतोषच्या मोबाइलवर बघावं, तर चित्र दाखवणाऱ्या कंपनीच्या खात्यावर एकच मोबाइल चालतो. कंपनीच्या लेखी बुडालेला अजून हयात होता. "काका, नवं खातं काढू ना," संतोष म्हणाला. खुशालरावांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो मोबाइल घेऊन घरी गेला. एका माणसाची दोन खाती म्हणजे बोगस. खुशालराव अडतीस वर्षं सरकारी कचेरीत होते.

उरला कॉम्प्युटर. एका शाळेच्या लिलावातला. विंडोज त्याला पेलेना म्हणून पोरानं, विनयनं, त्यात लिनक्स टाकून दिलं होतं. विनय हैदराबादेत ड्युटीवर होता आणि पंचफुलाबाईंच्या बटणाच्या फोनवरून बापाला शिकवत होता.

"बाबा, काळी खिडकी उघडली का? आता पासवर्ड टाका."

"टाकून राह्यलो, पन दिसत नाई."

"दिसत नसतेच. टाका अन् एंटर मारा."

"जे दिसत नाई तिथं मी दस्तखत करत नाई."

"अवो, करा ना!" पंचफुलाबाई म्हणाल्या. "अकरा वाजले."

दस्तखत झाली. चित्र आणि आवाज उलगडणारं सामान उतरू लागलं आणि मध्येच एक करारनामा पुढे आला. त्यावर 'ओके' म्हटल्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती. जगात आजवर कोणी तो करारनामा वाचलेला नाही. खुशालरावांनी वाचला. चष्मा पुसून, कलमावर कलम, ओठ हलवत.

"झालं का?" विनयनं विचारलं.

"सातवं कलम मोघम हाय."

साडेबाराला सामान बसलं. चौकोन काळाच. विनयनं ब्राउझर बंद करून उघडायला लावला. काळाच. ब्राउझर नवा करायला लावला. तो नवा होईतो दीड वाजला. काळाच, फक्त गोल जरा जोमानं फिरू लागला. मग कॉम्प्युटरच बंद करून चालू केला. तो अर्ध्या वाटेत असताना लाइन गेली.

लाइन तीनला आली. तोवर दोघं अंधारलेल्या पडद्यासमोर बसून होते. जेवण झाकलेलं होतं, कोणी उघडलं नाही. बाहेर हायवेवरून नागपूरच्या गाड्या जात होत्या.

"मले आबाचा आवाज आठवत नाई," पंचफुलाबाई अचानक म्हणाल्या. "काय म्हनत ते आठवते. आवाज नाई."

खुशालरावांनी माऊस फडक्यानं पुसला.

चारला पुन्हा काळा चौकोन. आता विनयचाही आवाज उतरला. "बाबा, मले काई सुचून नाई राह्यलं. सगळं तर केलं."

पंचफुलाबाई उठल्या, पडद्याला हात लावला, आणि रडायला लागल्या. आवाज न करता, पदराचं टोक दातात धरून. खुशालरावांना अडतीस वर्षांत अर्जदारांच्या रडण्याची सवय झाली होती. या रडण्याची नव्हती.

"विनय," ते फोनवर ओरडले, "काईबी सांग रे! पुन्ना सांग. पयल्यापासून."

"बाबा, पडद्यावर काय काय दिसते ते वाचा. एकूनएक."

खुशालरावांनी वाचलं. वरचा पत्ता, चित्राचं नाव, काळा चौकोन. मग म्हणाले, "अन् वरतं एक पिवळी पट्टी येते. तिचं काई नाई."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"काय लिवलं तिच्यावर?"

"परवानगी मांगते. संरक्षित चित्र चालवू देता का म्हनते. मी फुली मारून वापस करतो."

"वापस काऊन करता?"

"पयली दरखास्त होय ना. पयली वापसच करा लागते. गरज खरी असली त मानूस पुन्ना येते."

"मंग ते पुन्ना आली नाई का?"

"आली ना. अकरा खेपा आली. पन दर खेपेले तेच ते, कोरा कागद. सोबत एक जोडपत्र नाई."

पंचफुलाबाईंनी पदर तोंडातून काढला. "दाबा ते," त्या म्हणाल्या. एवढंच. कचेरीत कलेक्टरही खुशालरावांशी या आवाजात बोलला नव्हता.

खुशालरावांनी चार वाजून अडतीस मिनिटांनी दरखास्त मंजूर केली. पट्टी म्हणाली, सामान उतरवते आहे, थोड्या वेळानं या. सरकारी उत्तर होतं; खुशालरावांना पहिल्यांदाच ते दुसऱ्या बाजूनं ऐकावं लागलं. ते खुर्चीच्या कडेला बसून थांबले. चार चाळीस. पंचेचाळीस. "लवकर कर ना माय," ते पट्टीला म्हणाले.

चार एक्कावन्नला चौकोनात उजेड झाला.

जिनिंगचे पट्टे, उडणारी रुई, कोणी अनोळखी बाई. विनयनं चित्राखालच्या रेघेवर पुढं सरकायला सांगितलं. खुशालराव पुढं गेले, फार पुढं गेले, मागं आले. आणि आबा. गठ्ठ्यावर बसलेले, भुवयांवर कापूस.

"...पेन्शन?" आबा म्हणाले आणि हसले. पुढचे दोन दात नव्हते. "म्हातारपनाची दरखास्त देल्ली ना. माया जावईच हाय तिथं हापिसात. लय कायद्याचा मानूस. तीन खेपा वापस केली त्यानं." त्यांनी प्लास्टिकची पिशवी उचलून कॅमेऱ्याला दाखवली. "हे चौथीचे कागदं. तयार हायत. पोरीले नाई सांगतलं मी, उगाच भांडन हुईन. अन् बरोबरच हाय त्याचं. सासऱ्याची पयल्याच खेपेत पास केली त लोक काय म्हनतीन? मानूस चांगला हाय. जरा..."

पुढे काय जरा, ते कळायच्या आत चित्र अडकलं. गोल फिरला. फिरत राहिला. मग पाच वाजले आणि पडद्यावर सभ्य इंग्रजीत एक ओळ आली, की हे चित्र आता उपलब्ध नाही.

फोनमधून विनय विचारत होता, "दिसले का? आबा दिसले का?"

ती पिशवी खुशालरावांनी पाहिली होती. आबा गेल्यावर सामान आवरताना त्यांनीच ती खुंटीवरून काढली होती, आत न बघता.

बऱ्याच वेळानं ते उठले. कपाटातून लांब कोरा कागद काढला, समास सोडला, आणि लिहायला बसले. चित्र दाखवणाऱ्या कंपनीस, अर्जदार खुशाल, सेवानिवृत्त, विनंतीपूर्वक कळवतो की सदर चित्र आणखी एक वेळ, फक्त एक वेळ. हात थांबला. पुढचं सुचेना.

पंचफुलाबाई ताटावरचं झाकण काढत होत्या. मागं न बघता त्या म्हणाल्या, "पयली वापस यीन."

"हो," खुशालराव म्हणाले.

"दुसरी लिवून ठेवा. तिसरीबी."

त्यांनी आणखी दोन कोरे कागद काढले.