एकशे एक पॉइंट आठ

मी ताप मोजणारा थर्मामीटर बोलतोय. तसं माझं बोलणं फार नसतं. बटण दाबलं की एकदा टिक् करायचं, काखेत मुकाट पडून राहायचं, मिनिटभरानं पुन्हा टिक् टिक् करून आकडा दाखवायचा आणि गप्प बसायचं. आज मात्र जरा जास्त बोलणार आहे. ऐकायचं नसेल तर पान उलटा, माझी हरकत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जाग आली तेव्हा मी कोथरूडमधल्या एका औषधाच्या दुकानात, लहान मुलांच्या पावडरींशेजारी टांगलेला होतो. एका पावसाळ्यात प्रज्ञेश नावाचा तरुण ओल्या रेनकोटातच आत आला. त्याच्या घरी आठ दिवसांची मुलगी होती आणि ती शिंकली होती. "हा बरोबर दाखवतो ना?" त्यानं विचारलं. "चुकीचा दाखवणारा संपलाय," दुकानदार म्हणाला आणि मला पिशवीत टाकलं.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. प्रज्ञेश चाकणला कारखान्यात कामाला, त्याची बायको सोनाली संगणकाच्या कंपनीत. मुलगी पूर्वा. आणि नातीला सांभाळायला म्हणून कात्रजचं घर बंद करून आलेले सोनालीचे वडील, सीताराम. महापालिकेच्या पाण्याच्या टाकीवर त्यांची बत्तीस वर्षं नोकरी झाली होती. दर तासाला पातळी बघायची आणि वहीत लिहायची हे काम. आकडा कधी अंदाजानं लिहिला नाही, असं ते अभिमानानं सांगत. बैठकीच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्यांच्या दिवंगत पत्नीचा, चंद्रभागाबाईंचा, लहानसा फोटो होता. रोज सकाळी त्या तिघांसमोर ते हात जोडत.

माणसं मला आणतात, पण माझ्यावर त्यांचा विश्वास नसतो. आधी कपाळाला हात लावतात, मग गळ्याला, मग मला बोलावतात. मी आकडा दाखवला की म्हणतात, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा तोच आला की मग डॉक्टरला फोन. करोना आला आणि माझा भाव वाढला. पहिल्या टाळेबंदीत तर घरातली माणसं सकाळी दात घासायच्या आधी मला काखेत घालत.

माझ्यात एक सोय आहे. बटण दाबलं की मोजायला लागण्याआधी मी मागच्या वेळचा आकडा क्षणभर दाखवतो. या घरात त्याकडे कधी कुणी लक्ष दिलं नव्हतं. बंद केला की आकडा गेला, असंच सगळे समजत.

सोनालीचा धाकटा भाऊ अनिरुद्ध मस्कतला इंजिनिअर होता. तिथल्याच दवाखान्यात परिचारिका असलेल्या नागपूरच्या भाग्यश्रीशी त्याचं लग्न ठरलं होतं. ते पुण्यात व्हायचं होतं, दोनदा पुढं ढकललं गेलं. मार्च उजाडला तशी साथ पुन्हा वाढायला लागली. भाग्यश्रीला मायदेशी यायला रजा मिळेना. शेवटी तिथंच, अनिरुद्धच्या घरी, चार माणसांत लग्न लावायचं ठरलं. सीतारामांना साखरेचा त्रास, त्यामुळं डॉक्टरांनी त्यांना प्रवासाला सपशेल नाही म्हटलं. भाग्यश्रीच्या घरच्या कुणाला व्हिसा मिळाला नाही. प्रज्ञेशच्या कारखान्यात आधीच निम्मी माणसं आजारी. राहिली सोनाली. पूर्वा पावणेदोन वर्षांची, आईशिवाय झोपत नसे, म्हणून पूर्वाही. तिथं उतरल्यावर सात दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं, आठव्या दिवशी तपासणी, मग बाहेर. लग्न त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी.

निघायच्या आधी मंगळवारी सोनालीनं नाकातला नमुना दिला. त्याच दिवशी सीतारामांनी लशीचा पहिला डोस घेतला. बुधवारी त्यांना ताप आला, शंभर पॉइंट दोन. कुणी घाबरलं नाही. लशीनं ताप येतोच, सोसायटीत सगळ्यांना आला होता. गुरुवारी त्यांनी जाहीर केलं, "उतरला." तरी तोंडावरचा मास्क काही उतरवला नाही.

त्या संध्याकाळी सोनालीनं पूर्वाचा ताप बघितला, अठ्ठ्याण्णव, आणि मला औषधांच्या निळ्या पिशवीत ठेवलं. मग विमानासाठीचा फॉर्म भरायला बसली. गेल्या चौदा दिवसांत घरात कुणाला ताप, खोकला? तिनं वडिलांकडं बघितलं. "बाबा, लशीचाच होता ना? आता काही नाही ना?"

"काही नाही. नाही म्हणून लिही."

तिनं लिहिलं.

शुक्रवारी सकाळी सोनाली आंघोळीला गेली होती, प्रज्ञेश खाली गाडीत बॅगा ठेवत होता. सीतारामांनी निळी पिशवी उघडली, मला घेतलं आणि गॅलरीत जाऊन बसले. अंग इतकं तापलं होतं की मला फार वेळ लागला नाही. एकशे एक पॉइंट आठ. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तेवढ्यात पूर्वा "आबा, आबा" करत गुडघ्यांना मिठी मारायला आली. त्यांनी तिला पायानंच हळूच लांब केलं. लशीचा ताप चौथ्या दिवशी चढत नाही हे माझ्यासारख्यालाही कळत होतं, त्यांना न कळायला काय झालं? त्यांनी मला बंद केलं, साबणानं धुतलं, पंचाच्या टोकानं पुसलं आणि होतो तिथं ठेवून दिलं. घरातली सगळी माणसं, ओरडलं तर त्यांना ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर होती. मला ओरडता येत नाही.

निघताना सोनाली म्हणाली, "बाबा, जवळ तरी या."

"लांबूनच बरं. विमानात बसायचंय तुम्हाला. अनिरुद्धला सांग, पंचशील म्हणताना पुटपुटायचं नाही, मोठ्यानं म्हणायचं."

मस्कतच्या हॉटेलात चौथ्या मजल्यावरची खोली मिळाली. खिडकी होती, ती उघडत नव्हती. सोनालीच्या मनगटावर पट्टा बांधला होता, ती कुठं जाते हे कळावं म्हणून. पूर्वा लहान म्हणून तिला पट्टाही नाही आणि तपासणीही नाही. हॉटेलचा नियम एकच. सकाळ-संध्याकाळ दोघींचा ताप मोजायचा, कागदावर लिहायचा आणि कागद दाराखालून बाहेर सरकवायचा.

शनिवारी सकाळी सोनालीनं माझं बटण दाबलं. मी मागचा आकडा दाखवला. एकशे एक पॉइंट आठ.

तिला वाटलं मी बिघडलो. बंद केलं, पुन्हा चालू केलं. मी तेच दाखवलं. तेव्हा तिला कळलं, हा मागच्या वेळचा आकडा. ती पलंगावर बसली. गुरुवारी संध्याकाळी पूर्वाला मोजून तिनंच मला आत ठेवलं होतं, त्यानंतर पिशवी उघडली ती आत्ताच. पूर्वा गार होती, तिचं स्वतःचं अंगही गार होतं. मग तिनं घरी फोन लावला.

"प्रज्ञेश, बाबा कुठं आहेत?"

"झोपलेत गं."

"आत्ता? इथं साडेदहा झालेत, तुमच्याकडं तर बारा वाजले. थर्मामीटर माझ्या हातात आहे, प्रज्ञेश. काल निघताना त्यांना एकशे एक पॉइंट आठ ताप होता."

प्रज्ञेश म्हणाला, "विमानतळावरून परत आलो तेव्हा त्यांनी दाराआडून सांगितलं. आतून कडी घातलीय. तुला कळवायचं नाही म्हणाले."

"फोन दे त्यांना."

फोन दाराच्या फटीतून आत गेला असावा. आधी खोकला ऐकू आला, मग सीतारामांचा आवाज. "लशीचा ताप आहे गं."

"बाबा."

"बरं, नसेल लशीचा. सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. पोराच्या लग्नात त्याच्या बाजूनं कुणी नाही, तिच्याही बाजूनं कुणी नाही. दोघं काय अनाथ आहेत?"

"आणि पूर्वाला झालं असतं म्हणजे?"

सीतारामांनी फोन फटीतून परत बाहेर सरकवला. या प्रश्नाचं उत्तर द्यायला पुढं त्यांना वेळही मिळाला नाही. माणूस वाईट नव्हता, पण त्या सकाळी त्यानं केलं ते वाईटच केलं, आणि हे मी त्यांनी पूर्वाला लांब ठेवलं ते बघूनही म्हणतो.

रविवार सगळा प्रज्ञेशनं दवाखान्यांना फोन करण्यात घालवला. सोमवारी दुपारी ऑक्सिजनची खाट मिळाली. मंगळवारी प्रज्ञेशलाच लागण झाल्याचं कळलं आणि तोही घरात अडकला. आता दवाखान्याच्या दाराशीसुद्धा घरचं कुणी नव्हतं. बुधवारी सीतारामांनी अनिरुद्धला फोनवर एवढंच सांगितलं की लग्न ठरल्या दिवशीच लावा, माझ्यासाठी थांबलात तर मला आवडणार नाही. गुरुवारी सकाळी ते गेले. पालिकेच्या माणसांनी नेलं आणि अग्नी दिला. कुणी दिला, त्याचं नावही घरात कुणाला माहीत नाही.

त्या दुपारी अनिरुद्ध हॉटेलखालच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. सोनाली काचेपाशी. दोघांच्या कानाला फोन होते. एकाच गावात असून बहीण-भावाला एकमेकांच्या गळ्यात पडून रडता येत नव्हतं. पूर्वा काचेवर थापा मारत "मामा, मामा" म्हणत होती. मामाला तिनं आजवर फोनवरच बघितलं होतं, तसाच आताही दिसला. पाऊण तासानं तिथला पोलीस येऊन त्याला काहीतरी म्हणाला आणि तो निघून गेला.

शुक्रवारी सकाळी पूर्वा उठलीच नाही. चुळबूळ करत पडून राहिली, दूध नको म्हणाली. सोनालीनं कपाळाला हात लावला, मग गळ्याला, आणि मला घेतलं. शंभर पॉइंट चार.

"पुन्हा लाव" म्हणायला तिथं कुणी नव्हतं. तिनं स्वतःच पुन्हा लावलं. तोच आकडा.

समोर टेबलावर कागद होता आणि पेन होतं. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, ती फक्त सोनालीची. पूर्वाला कुणी हात लावणार नव्हतं. निळ्या पिशवीत तापाचं गोड औषध होतं, एक चमचा दिला असता तर संध्याकाळपर्यंत पोरगी खेळायला लागली असती. रविवारी दोघी लग्नाला गेल्या असत्या. बॅगेत भाग्यश्रीसाठी घेतलेली पांढरी साडी होती, सीतारामांनी स्वतः निवडलेली. त्यांना हवं होतं ते हेच होतं, आणि त्यापायी ते जिवानिशी गेले होते. एक आकडा बदलला की त्यांची इच्छा पुरी होत होती.

सोनालीनं पेन उचललं आणि खाली ठेवलं. उठून पूर्वाला औषध पाजलं. परत येऊन बसली. एवढा वेळ मी चालू होतो, मग आपोआप बंद पडलो. तिनं बटण दाबून मागचा आकडा पुन्हा बघितला, जणू तो माझ्याकडून बदलून मिळणार होता. तेव्हा ती रडली. मोठ्यानं, तोंडावर उशी न घेता. वडील गेल्याचं कळलं तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. मग तिनं कागदावर लिहिलं, पूर्वा, शंभर पॉइंट चार, आणि कागद दाराखाली सरकवून दिला.

तासाभरात पांढरे पोशाख घातलेली दोन माणसं आली. सोनालीची तपासणी तिथंच झाली आणि लागण निघाली. आणखी दहा दिवस. साडी बॅगेतच राहिली, त्या खोलीतून काहीही बाहेर न्यायची परवानगी नव्हती.

रविवारी लग्न लागलं ते तिनं फोनवर बघितलं. अनिरुद्धच्या घरात बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या होत्या, आनंद नावाचा त्याचा मित्र पुस्तकात बघून वंदना म्हणत होता. पंचशील अनिरुद्धनं मोठ्यानं म्हटलं, इतक्या मोठ्यानं की मध्येच त्याचा आवाज फाटला. पलंगावर बसून सोनालीही म्हणत होती. पूर्वानं तिच्या मांडीत हात जोडले होते, ते तापानं कढत होते.

दुपारी नवरा-नवरी खाली रस्त्यावर आले. भाग्यश्रीच्या अंगात पांढरा पंजाबी ड्रेस होता. तिनं फोन लावला.

"ताई, पूर्वाचा ताप आता किती आहे?"

"नव्व्याण्णव पॉइंट सहा. दूध प्यायली थोडं."

"आणि तुमचा?"

"मी बरी आहे गं."

"ताई, मोजा. आम्ही थांबतो."

सोनालीनं मला काखेत घेतलं आणि काचेपाशी उभी राहिली. खाली उन्हात ती दोघं वर बघत होती. मी माझ्या सवयीनं मिनिटभर घेतलं.

"एकशे एक," ती म्हणाली. "मघाशी खोटं बोलले."

"मी डॉक्टरांना कळवते," भाग्यश्री म्हणाली. नवरीच्या वेषात तिथंच रस्त्यावर उभी राहून तिनं हॉटेलच्या डॉक्टरांना फोन लावला.

दोघी बऱ्या झाल्या. आता पूर्वा शाळेत जाते. घरात लांबून ताप बघणारं नवं यंत्र आलंय, कपाळासमोर धरलं की झालं. मी कपाटाच्या खणात असतो. सेल संपत आलाय, आकडे फिकट दिसतात. सोनालीनं मला टाकून दिलेलं नाही आणि वापरतही नाही. कधी खण उघडला की माझ्याकडं बघते आणि काढायचं ते काढून खण लावून टाकते.

निरोप घेण्याआधी एवढंच सांगतो. माझं काम आकडा दाखवायचं, पुढचं तोंडानं तुम्हालाच बोलायचं असतं. ताप आला तर घरात सांगा. लग्न असलं तरी सांगा.