निळं पाणी

स्पिरिटमध्ये ठेवायच्या चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहायच्या असतात. एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेच्या मामांनी मला हे सांगितलं, तेही माझ्या हातातलं पेन काढून घेऊन. "ताई, शाई स्पिरिटात पोहायला जाते," ते म्हणाले, "आणि परत येत नाही." मी हसले आणि ते कायमचं लक्षात राहिलं. माझ्यापुरतं.

माझा विषय होता ओढ्यातले किडे. गावाबाहेरच्या एका ओढ्यावर मी सात जागा ठरवल्या होत्या आणि दोन वर्षं दर महिन्याला तिथे जाऊन, गुडघाभर पाण्यात उभी राहून, दगडाखालचे किडे जाळीत धरत होते. धरलेले किडे बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत, वर स्पिरिट आणि आत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा, जागा, तारीख. बाकी सगळं, म्हणजे पाणी किती खोल, किती गढूळ, ऊन होतं की नव्हतं, ते त्या आकड्यापुढे वहीत. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणायच्या, "चिठ्ठी आहे तोवर तो नमुना. चिठ्ठी गेली की नुसता मेलेला किडा."

अशा दोनशे बारा बाटल्या झाल्या होत्या. प्रबंध द्यायला दीड महिना उरला असताना बाईंनी एक बाटली डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाल्या, "हे अक्षर आहे की किड्यानंच जाता जाता पाय पुसलेत? परीक्षक स्वतः कुठल्याही पाच बाटल्या उचलतात आणि वहीशी ताडून बघतात. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिही. जाड कागदावर, नीट."

त्याच सुमारास प्रयोगशाळेला रंग काढायला घेतला, म्हणून बाटल्या हाताला येतील तशा लाकडी पेटीत भरून घरी आणल्या आणि पेटी माझ्या खोलीत खाटेखाली सरकवली. आई म्हणाली, "माणसांना झोपायला जागा नाही आणि किड्यांना पेटीपलंग!" अण्णा मात्र पेटीपाशी उकिडवे बसले आणि एकेक बाटली उजेडात धरून बघत राहिले.

अण्णा माझे वडील. नोंदणी कचेरीत तीस वर्षं दस्तांच्या पक्क्या प्रती लिहून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचं अक्षर म्हणजे मोत्यांची माळ. ओळखीतल्या कुठल्याही लग्नाची पाकिटं आमच्याच घरी लिहायला येत. माझ्या अभ्यासातलं त्यांना काही कळत नसे आणि त्याची त्यांना मनातून खंत होती. शाळेत असताना ते माझ्या वह्यांना कव्हरं घालायचे, पुढे तेवढंही काम उरलं नाही.

"एवढ्या नाजूक कामाला पेन्सिल?" त्यांनी विचारलं.

मी जाळी शिवत होते. मान वर न करता म्हटलं, "लॅबमध्ये तसंच असतं, अण्णा."

एवढंच. का असतं ते सांगायला चार शब्द लागले असते.

त्यानंतर तीन दिवसांनी मला ताप भरला. तो विषमज्वर निघाला आणि मला संसर्गाच्या वॉर्डात ठेवलं. काचेपलीकडून आई हात हलवायची. मी तापात सारखी म्हणत होते म्हणे, चिठ्ठ्या राहिल्या, चिठ्ठ्या राहिल्या. नर्सला वाटलं, प्रेमप्रकरण असावं. अण्णांना बरोबर कळलं.

एकोणीस दिवसांनी घरी आले तेव्हा भिंत धरून चालत होते. प्रबंध द्यायला बारा दिवस उरले होते. आईनं खाटेवर बसवलं, उशी पाठीशी दिली. अण्णा दारात उभे होते. परीक्षेत पहिला आलेला मुलगा उभा असतो तसे.

"डोळे मीट," ते म्हणाले.

"अहो, तिला आधी दूध तरी घेऊ द्या," आई म्हणाली.

"दूध काय पळून जातंय?"

पेटी सरकवल्याचा आवाज आला. "हं. बघ आता. दोनशे बारा. एकही चूक नाही. प्रत्येक चिठ्ठी दोनदा ताडून पाहिली. आज सकाळी शेवटचा कप्पा संपवला. लिहिली की लगेच बाटलीत, बूच घट्ट, कप्पा भरला की त्याचं झाकण बंद. धूळ नको."

मी एकेक झाकण उघडलं.

पेटीतलं पाणी निळं झालं होतं. वरच्या रांगेतलं गडद, नंतर फिकट, कडेला अगदी दुधाच्या सायीसारखं, नुकतं निळं व्हायला लागलेलं. खिडकीतून ऊन येत होतं आणि सगळ्या बाटल्या एकाच वेळी चमकल्या. प्रत्येकीत छान कापलेला, चारी कोपरे सारखे असलेला जाड कागद होता. कडेच्या सोडल्या तर कोरा.

"अण्णा," मी विचारलं, "जुन्या चिठ्ठ्या?"

"फाडल्या की." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला होता, त्यामुळे त्यांना माझा चेहरा आणि बाटल्या दोन्ही धूसरच दिसत असणार. "पक्की प्रत झाली की कच्ची ठेवायची नसते. दोन कागद राहिले की दोन तोंडं होतात, मग वाद. तीस वर्षं हेच केलंय मी."

आई म्हणाली, "डोळे गेले त्यांचे. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, थांब, अजून दहा किडे राहिलेत. जसे काही जावईच."

मी हसले असणार. हसू आल्याचं आठवत नाही, पण त्या दोघांना हसताना पाहिल्याचं आठवतं. मग मी म्हटलं, "किती सुंदर झालंय, अण्णा."

शेवटचा कप्पा त्याच सकाळी लिहिलेला होता. त्यातली अक्षरं अजून कागदाला धरून होती, धूर निघावा तशी त्यांतून निळी रेघ वर जात होती. मला ती दिसत होती आणि हलता येत नव्हतं, कारण अण्णा शेजारी बसून मला सांगत होते की तारखेतला सात कसा मुद्दाम आडवी रेघ देऊन काढला, एकाशी घोटाळा नको म्हणून. आई दूध घेऊन आली. मी ते प्यायले. गरम होतं, फुंकून फुंकून प्यावं लागलं. अण्णा औषध आणायला बाहेर पडले तेव्हा मी चिमटा घेतला आणि जेवढ्या चिठ्ठ्या ओढता आल्या तेवढ्या बाहेर काढून, पेन्सिलीनं नव्या चिठ्ठ्यांवर उतरवून पुन्हा बाटल्यांत टाकल्या. एकतीस वाचल्या.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्या एकतीस बाटल्या आणि निळ्यांतल्या दोन घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी निळी बाटली उजेडात धरली. मग फिरवून चिठ्ठीची मागची बाजू पाहिली. मी तर ओरडा खायच्या तयारीनं गेले होते.

"कोणी?"

"वडिलांनी. मी दवाखान्यात होते."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही."

बाईंनी बाटली टेबलावर ठेवली, मग पुन्हा उचलली, जणू आता तरी काही दिसेल. "एकतिसावर प्रबंध होत नाही ग," त्या म्हणाल्या. त्यांनी मला ग म्हटलं ते तेवढंच एकदा. "मी विद्यापीठात विचारते. पण काय विचारू?"

बाहेर व्हरांड्यात मामा भेटले. त्यांना आत न येताच सगळं कळलेलं असे. "ताई, वही आहे ना? बाटल्या आहेत ना? मग बसा आणि जुळवा. लोक पत्रिका न बघता मुलं-मुली जुळवतात, हे तर किडे. साक्ष द्यायला थोडेच उभे राहणारेत?"

मी घरी येऊन बसले, खोटं कशाला बोलू. पेन्सिलीला टोक केलं, वही उघडली. कोणता किडा स्वच्छ पाण्यातला, कोणता गाळातला, एवढं तर बघून कळत होतं. तीन चिठ्ठ्या लिहिल्या. चौथ्या बाटलीत तिसऱ्या जागेचा किडा असावा असं वाटलं, कारण तसले किडे तिसऱ्या जागी मिळतात हे मला ठाऊक होतं. आणि ते मला ठाऊक होतं कारण दोन वर्षं मी तेच शोधत होते. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरून चिठ्ठी लिहायची. मी तिन्ही चिठ्ठ्या बाहेर काढल्या. त्यात काही थोरपणा नव्हता. चौथी लिहिता येईना, इतकंच.

अण्णांना सांगितलं, विद्यापीठानं तारीख पुढे ढकलली. ते म्हणाले, "बरं झालं, तुला अशक्तपणा आहे." पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं. मग जरा लांबून, आईकडून विचारलं. बाई म्हणाल्या होत्या, वर्षभर पुन्हा गोळा कर, मी पाठीशी आहे. पण त्या उन्हाळ्यात नव्या रस्त्यासाठी ओढा पाइपात घातला. माझ्या सातांपैकी पाच जागा डांबराखाली गेल्या. मी एका दूरच्या गावी शाळेत वर्षभरासाठी म्हणून नोकरी धरली. ते वर्ष चौतीस वर्षं चाललं.

अण्णांची पत्रं दर आठवड्याला यायची. निळी शाई, दौतीतली, मोत्यांची माळ. दिवाणखान्यातला पंखा बिघडला, आईचा गुडघा दुखतो, तू जपून राहा. पाचव्या की सहाव्या महिन्यात एक पत्र आलं, तेच अक्षर, तोच मजकूर, पण पेन्सिलीनं. मला वाटलं, शाई संपली असेल. पुढचंही पेन्सिलीनं. त्याच्या पुढचंही. मी आईला फोनवर विचारलं.

"मी काय सांगू?" आई म्हणाली. "पेनं सगळी वाटून टाकली. लग्नाची पाकिटं आली होती, तीही परत पाठवली. विचारलं तर म्हणतात, पेन्सिल टिकते."

सुट्टीत घरी गेले. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी माझ्या खोलीत जाऊन खाटेखालची पेटी ओढली. तिच्यावर धूळ नव्हती.

बाटल्या जागच्या जागी होत्या, पुसलेल्या, निळ्या. कडेच्या रिकाम्या कप्प्यात जाड कागदाच्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा होता, चारी कोपरे सारखे, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला. शेजारी पेन्सिल, बारीक टोक केलेली, एकदाही न वापरलेली. मी जमिनीवर बसून चिठ्ठ्या मोजल्या. एकशे एक्क्याऐंशी. दोनशे बारांतून वाचलेल्या एकतीस वजा. अण्णांनी कापून तयार ठेवल्या होत्या, आणि काय लिहायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"काय शोधतेयस ग?" बाहेरून अण्णांनी विचारलं.

"काही नाही, अण्णा."

"सापडलं का?"

मी गठ्ठ्याला दोरा पुन्हा बांधला. त्यांची गाठ मला जमेना. "नाही," मी म्हटलं, आणि बाहेर पेपर उलटल्याचा आवाज येईपर्यंत तशीच बसून राहिले. तो बराच वेळ आला नाही.