उकंडरावांची काठी नागपूरला जाते

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, आणि माझ्या एवढ्या आयुष्यात मी कोणावरही हात उगारलेला नाही. मला हात नाहीत. ते उकंडरावांचे होते.

मेडशीच्या रानात, बांबूच्या एका बेटात मी सुखाने वाढत होते. देवला नावाच्या माणसाने मला बुडातून तोडलं, विस्तवावर भाजलं, गुडघ्याखाली दाबून सरळ केलं आणि वर तेल पाजलं. तुमच्याकडे यालाच शिक्षण म्हणत असावेत. शेवटी पायात लोखंडी टोपी ठोकून त्याने मला उकंडरावांच्या हाती दिलं. "पाटील, आता हे तुमच्या आंधी मोडत नाई," तो म्हणाला.

पहिल्याच पावसाळ्यात माझ्याकडून एक नाग मारला गेला. मग सोयाबीनमध्ये घुसलेलं रानडुक्कर. त्याच्या जबड्याचे दात माझ्या अंगावर अजून उमटलेले आहेत. मग भागवत. भागवत म्हणजे उकंडरावांचे चुलतभाऊ. दोघांच्या शेतांमध्ये एक धुरा आहे. धुरा म्हणजे हातभर रुंद पट्टी, जिच्यात काहीही पिकत नाही. तिच्यासाठी भागवतचं डोकं फुटलं. रक्त माझ्या पेरात असं मुरलं की ते पुढे कितीही तेल लावून निघालं नाही. त्या काळात माझं फार कौतुक होई. पारावरची माणसं मला हातात घेऊन तोलून पाहत आणि आदराने परत देत. उकंडराव दर अमावास्येला मला तेल लावत. त्यांनी स्वतःच्या डोक्यालाही इतक्या नेमाने लावलं नसेल.

त्यांची मुलगी वर्षाराणी नागपूरला दिली होती. तिच्या लेकीचं, म्हणजे राखीचं, जावळ काढलं त्या दिवशी आम्ही तिकडे गेलो. जेवणावळ मोठी होती. आता मित्रांनो, आमच्या गावात पंगतीचा एक कायदा आहे. शेवटचा माणूस उठेपर्यंत कोणाचंही ताट जागचं हलत नाही. हलवलं तर त्याचा अर्थ 'तुझं झालं, चालता हो' असा होतो. व्याह्यांच्या धाकट्या भावाला दुसरी पंगत बसवायची घाई होती. त्याने उकंडरावांचं ताट उचललं. मी त्याच्या गळ्याजवळच्या हाडावर पडले. हाड मोडल्याचा आवाज वाळक्या तुराटीसारखा असतो.

त्यानंतर लेकीचं घर उकंडरावांना बंद झालं. राखी मोठी होत होती आणि इकडे हे तिचा फोटो मोबाईलवर मोठा करून करून बघत.

पुढे व्याही वारले. राखीला एक आजोबा कमी पडले, तेव्हा तिने दुसऱ्याची चौकशी सुरू केली. पोरीने हट्टच धरला. शेवटी वर्षाराणीचा फोन आला.

"बाबा, एक दिवस देतो तुमाले. तिले कपडे घ्या, जेवू घाला, संध्याकाळी आणून सोडा. भांडण झालं तं हे शेवटचं. आन् ते काठी घरीच ठेवजा."

"गुडघा दुखते माय. काठीबिगर चालता येत नाई."

गुडघा ठणठणीत होता.

अशी मी नागपूरला गेले. दुकानांच्या त्या मोठ्या इमारतीच्या दारातच मला उकंडरावांच्या हातून काढून घेतलं आणि एका यंत्राच्या पोटातून फिरवलं. माझ्यात धोकादायक काही नाही असा यंत्राने निर्वाळा दिला. भागवतला हे ऐकवायला हवं होतं.

"आबाजी, इकडून वर जायचं," राखी म्हणाली.

सरकत्या जिन्याने माझा पाय धरला. लोखंडी टोपी त्याच्या दातांत अडकली आणि तिला ओरबाडून काढून तो तसाच वर सरकत राहिला. उकंडराव धडपडले. मागचा एक तरुण म्हणाला, "अबे बुढ्ढे, चल ना." उकंडरावांची मूठ माझ्याभोवती आवळली. मी तयार झाले. पण त्यांनी राखीकडे पाहिलं, आणि मूठ सैल सोडली. मला वाटलं, म्हातारे आजारी आहेत.

कपड्यांच्या दुकानात सेल होता. दोन बायका एकाच कुर्त्याच्या दोन बाह्या ओढत होत्या. एक बाही निघून आली, तशी दुसरीने पहिलीच्या केसांना हात घातला. कोणी तरी माझ्यावर पाय दिला. एका बाईचं कोपर राखीच्या तोंडावर बसलं आणि ओठातून रक्त आलं. धुऱ्यावर निदान जमीन तरी होती. इथे बाही होती. उकंडरावांनी पुन्हा मला आवळलं आणि पुन्हा सोडलं. राखीचा ओठ त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसला.

"आबाजी, मारलं काहून नाही तिले?"

"तुह्या मायले शबद देला, बाई."

जीन्सची पँट मात्र मिळाली. ती गुडघ्यावर आधीच फाटलेली होती.

मग जेवण. थाळीचं मोठं हॉटेल. वाट बघता बघता राखीने त्यांच्याकडून गावाकडचं सगळं काढून घेतलं. नाग झाला, डुक्कर झालं, भागवत झाले.

"आन् माह्या जावळाले काय झालं होतं?"

उकंडरावांनी पंगतीचा कायदा सांगितला.

"ताट उचललं तं काय होते?"

"लय मोठा अपमान असते तो."

"मग?"

"मग काठी बोलते."

हे सांगताना त्यांनी मला थोपटलं. माणसाने मुलांना कथा सांगाव्यात, पण सांगताना काठीला थोपटू नये.

थाळ्या आल्या. उकंडराव शेतकऱ्याच्या वेगाने जेवले. राखीचं अर्धंही झालं नव्हतं. तेवढ्यात चांगला पन्नाशीचा, मिशीवाला वेटर आला आणि त्याने काही न विचारता उकंडरावांचं ताट उचललं.

उकंडरावांचा चेहरा काळा पडला. हात माझ्यावर आला. या वेळी मी खात्रीने उठणार होते. मित्रांनो, त्यांनी मला खुर्चीला टेकवून ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ते बसले. नातीसमोर, भर पंगतीतून आपलं ताट जाताना बघत.

राखीने ते बघितलं. ती उठली आणि तिने मला उचललं.

तिच्या हातात मी जड होते, पण नेम रक्तातच असावा. पहिला फटका वेटरच्या कोपरावर. ताट, वाट्या, उरलेली कढी, सगळं फरशीवर. तो वाकला तसा दुसरा त्याच्या नाकावर. पांढऱ्या कोटावर रक्त फुललं. तिसऱ्याच्या आत उकंडरावांनी मला हिसकावून घेतलं.

सगळं हॉटेल उभं राहिलं. उकंडराव मला हातात धरून मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "म्या मारलं."

रक्त दिसत होतं, काठी दिसत होती. एका गिऱ्हाईकाने त्यांच्या कानफटात दिली. दुसऱ्याने कॉलर धरून भिंतीवर आपटलं. त्यांचा दात पडला. मी त्यांच्या हातात होते आणि मला कोणी उचलत नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी मार खाणाऱ्याच्या मुठीत होते. तिथून सगळं फार वेगळं दिसतं.

हॉटेलातून फोन गेला तशी वर्षाराणी धावत आली. वेटरला टाके घालायला नेलं होतं. "शबद मोडला माय म्या. म्याच मारलं," उकंडराव तिला सुजलेल्या तोंडाने म्हणाले. मॅनेजरने तिला आत नेऊन कॅमेऱ्यातलं दाखवलं. परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली होता.

"बाबा, तुमी मारलं असतं तं मी एक डाव सोडून देलं असतं. पोरीनं मारलं. आता मी तिले तुमच्याजवळ नाई ठेवू शकत."

उकंडरावांनी मान हलवली. राखी रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती आणि तिची मूठ अजून उघडली नव्हती.

आता मी मेडशीत, गुरांच्या कोठ्यात, कोपऱ्यात उभी आहे. उकंडराव माझ्याशिवाय चालतात आणि आता खरोखरच लंगडतात. माझ्या बुडाशी वाळवी लागली आहे. मित्रांनो, घरात जुनी काठी असेल तर तिला वेळोवेळी तेल लावा, ओल्यात ठेवू नका. आणि मुलांसमोर तिचं कौतुक करायचंच असेल, तर तिने कोणाला आधार दिला तेवढंच सांगा. माझ्या बाबतीत ते लवकर संपलं असतं.

त्या दिवशी हॉटेलातून निघताना मॅनेजरने वर्षाराणीला आणखी एक सांगितलं. थाळीत शेवटी कुल्फी असते. टेबलावर तिला जागा नव्हती, म्हणून ताट उचललं होतं.