आवतण

धुरपताबाईनं चौथं ताट वाढलं तेव्हा श्यामलालला वाटलं, कोणी पाहुणा येतोय. घरात माणसं तीनच: ती, तिचा नवरा रामलाल आणि दिवाळीच्या सुटीत नागपूरहून आलेला हा थोरला मुलगा. ताट भिंतीशी मांडलं होतं. भात, त्यावर लाखोरीची डाळ.

"कोन येऊन राहिला, माय?"

"तुलेच ठाऊक. रोज तूच त बोलावून राहिला."

श्यामलाल मिशनच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होता. गावच्या भाषेत सांगायचं तर देव आहे की नाही, ते पाद्रीसाहेबाकडून पक्कं करून घेत होता. तास सुरू होण्याआधी साहेब डोळे मिटून आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत प्रार्थना करत आणि ती मुलांनाही पाठ करावी लागे. 'हे आत्म्या, ये. आमच्यात वस्ती कर.' सुटीतही आपली सवय सुटू नये म्हणून हा शहाणा रोज अंगणात येरझारा घालत ती खड्या आवाजात म्हणायचा.

सालेकशाकडच्या त्या खेड्यात आत्मा म्हणजे मेलेल्या माणसाचा. आणि त्या घरात नुकतं मेलेलं माणूस म्हणजे धाकटा गोवर्धन. भादव्यात तो तापानं गेला. थोरल्याची परीक्षा बुडेल म्हणून कोणी त्याला कळवलंच नाही; सुटीत घरी आला तेव्हा कळलं.

"माय, थो आत्मा अलग आहे. देवाचा आहे."

"मंग तू देवाचा नाव घेतलास का?"

नाव घेतलं नव्हतं.

"त ज्याले भूक होती थो आला," धुरपताबाई म्हणाली.

श्यामलालनं तिला सगळं समजावून सांगितलं. आत्म्याला देह नसतो, देह नाही तर भूक नाही, असं साहेबांनी फळ्यावर मांडलं होतं तसंच्या तसं. "असन बापा," म्हणत तिनं चौथ्या ताटावरची माशी उडवली. रामलाल तिकडे न बघता जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं धान कापायला बांधीत गेली. श्यामलाल अंगणात एकटाच होता. प्रार्थना म्हणायची नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण जिभेला वळण पडलेलं. 'ये' म्हणून गेला आणि घरातून कोणीतरी ओ दिली.

पहिल्या हाकेला ओ द्यायची गोवर्धनची रीत होती. श्यामलाल आत धावला. आत कोणी नव्हतं. त्याला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त रडू आलं.

दिवेलागणीला त्यानं आईला सांगितलं. ती दचकली नाही.

"उद्या तू गाडीत बसशीन. मी त्याले जलमभर वाढीन, मले जड नाही. पन बोलावलास तू, थो तुह्याच मागं येईन. एक पोरगा गेला माहा. आता दुसरा नाही देत मी. निरोप दे त्याले."

आत्मा अमर कसा, याची पानंच्या पानं श्यामलालला पाठ होती. त्याला निघ कसं म्हणायचं, ते कुठंच नव्हतं. तो भिंतीशी मांडलेल्या त्या ताटापाशी बसला. आपल्याकडे निघालेल्या माणसाला कोणी 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतात. तोच शब्द त्याच्या ओठावर आला आणि त्यानं तो गिळला. ज्याला शेवटचं पाहिलंही नाही, त्याला कसं हाकलायचं?

मग धुरपताबाईच पुढं आली. पदरानं हात पुसले.

"ऊठ, गोवर्धन," ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली. "दादाले शिकू दे. जा तू आता."



रामलाल उठला. त्यानं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. बाहेर अंधारून येत होतं. थोड्या वेळानं, वाट द्यावी तसा, तो जरा बाजूला सरकला.