आईला किती द्यायचे

ओवीला आंघोळ घालून टॉवेलात गुंडाळून उचलताना दुर्गाबाईंचा पाय बाथरूममध्ये सरकला. पडतानाही त्यांनी नातीला छातीशी घट्ट धरलं होतं, त्यामुळे सगळा भार डाव्या हातावर आला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी डॉक्टरांनी बजावलं, की आता मुलीला उचलायचं नाही. ओवी दोन वर्षांची. तिचा निम्मा दिवस आजीच्या कडेवरच जायचा.

म्हणून त्यांचा मुलगा योगेश आणि सून दीपमालानं बाई ठेवायचं ठरवलं. दोघंही पुण्यात खराडीच्या आयटी कंपन्यांत, सकाळी विश्रांतवाडीहून निघाले की अंधार पडल्यावरच घरी. सोसायटीतल्या कुणीतरी रतनचं नाव सुचवलं. शनिवारी ती बोलायला आली. चाळिशीची, नीटनेटकी, कामाला पक्की वाटणारी बाई. सोफ्याच्या कडेला बसली आणि पहिल्यांदा तिनंच विचारलं, "काम काय काय हाय ते सांगा."

दीपमाला सांगत गेली. नाश्ता, आंघोळ, जेवण भरवणं, झोपवणं, संध्याकाळी खाली बागेत नेणं, तिचे कपडे, तिची भांडी, आजारी असली तर औषधं. दुर्गाबाई ओट्याशी एका हातानं चहा गाळत होत्या. हे सगळं इतकं असतं, हे त्यांना ऐकतानाच कळलं. करताना कधी कुणी असं ओळीनं म्हटलं नव्हतं.

"अठरा हजार पडतील," रतन म्हणाली. "रविवारी सुट्टी. सात वाजता मी निघणार, तुमाला हापिसात उशीर झाला तरी."

"अठरा जास्त होतात हो," योगेश म्हणाला. "चहा, जेवण इथेच आहे. आणि काम तसं काही विशेष नाहीये. इतके दिवस आई एकटी करतच होती की. घरात बसून मुलीकडे लक्ष द्यायचं, बस."

रतननं चहाचा ट्रे घेऊन आलेल्या दुर्गाबाईंच्या हाताकडे पाहिलं.

"अठरा वाजवी आहेत," दुर्गाबाई म्हणाल्या.

योगेशनं आईकडे असं पाहिलं, की त्यांनी ट्रे ठेवला आणि आत निघून गेल्या. शेवटी सोळावर ठरलं. रतन गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात आला. "आई, मी भाव करत असताना तू मधे बोलायचं नाहीस. तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी तिच्याच जागेवरची आहे, म्हणून बोलली."

"काहीतरीच काय. तू आजी आहेस."

वर्ध्याला दुर्गाबाईंची कॉलेजच्या मुलांसाठी मेस होती. नवरा गेल्यावर सुरू केलेली, आणि त्याच मेसवर योगेशचं इंजिनिअरिंग झालेलं. ओवी झाली तेव्हा योगेश न्यायला आला होता. "एका वर्षाचा प्रश्न आहे ग," म्हणाला होता. त्यांनी मेस त्यांच्याकडे पोळ्या करणाऱ्या आनंदीच्या हवाली केली आणि आल्या. वर्ष संपलं तेव्हा परत जायचा विषय कुणी काढला नाही, आणि ओवी गळ्यात पडत होती म्हणून त्यांनीही काढला नाही.

रतन यायची होती त्या सोमवारी आलीच नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये तिला अठरा मिळाले होते. फोनवर तिनं तसं सरळ सांगून टाकलं. दीपमालानं दोन दिवस रजा टाकली, मग योगेशनं एक दिवस घरून काम केलं. त्या संध्याकाळी तो आईच्या शेजारी येऊन बसला.

"आई, आता हात बराय ना तुझा?"

"दुखते अजून."

"जड उचलू नकोस. ओवी चालते की आता. आणि आम्ही ठरवलंय, तुला दर महिन्याला सहा हजार द्यायचे. तुझे तुला राहतील, हातखर्चाला."

"रतनले सोळा देत होतास."

"ती बाहेरची होती. तू इथे राहतेस, जेवणखाण आहे, तुझी औषधं..." पुढचं त्याच्याच तोंडात अडखळलं.

"माह्या जेवणाचे किती कापले?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणतोस. मग मलेही सोळाच दे. रविवार सुट्टीचा मागत नाही."

दीपमाला लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली, "योगेश, देऊ या ना. त्या चुकीचं बोलत नाहीयेत."

"आईला पगार द्यायचा? कुणाला सांगता तरी येईल का हे? बाबा असते तर..."

"बाबा असते तर मी वर्ध्याले असती," दुर्गाबाई म्हणाल्या.

तो उठून गॅलरीत गेला. पण एक तारखेला दुर्गाबाईंच्या खात्यात सोळा हजार जमा झाले. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा त्या ओवीला वरण-भात भरवत होत्या. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं, आणि ते दुपारपर्यंत टिकलं.

कारण त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदललं. आधी ओवीला सर्दी झाली तर हवेमुळे व्हायची, आता "खाली नेताना टोपी नव्हती का घातली?" म्हणून विचारणा व्हायला लागली. पूर्वी दुपारी त्यांचा डोळा लागला तर दीपमाला फोनवर हळू बोलायची. आता मीटिंगच्या मधे फोन यायचा, "आई, ओवी झोपली का? तुम्ही जाग्या आहात ना?" योगेशनं हॉलमध्ये कॅमेरा लावला. "तुझ्यासाठी नाही ग, सेफ्टीसाठी," असं त्यानं स्वतःहूनच सांगितलं, तेव्हा दुर्गाबाईंना तो कशासाठी आहे ते कळलं.

एकदा ओवी सोफ्यावरून पडली. कपाळावर टेंगूळ आलं. संध्याकाळी योगेशनं मोबाइलवर ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, "तू सहा मिनिटं किचनमध्ये होतीस, आई."

"दूध तापवत होती."

"बाई असती तर मी ऐकून घेतलं नसतं."

"आता ऐकून घेतोस का?"

त्यानं मोबाइल खिशात घातला. दुर्गाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. कुणी आग्रहही केला नाही. दुसऱ्या दिवशी ओवीला घेऊनच त्या चौकातल्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेल्या आणि स्वतःच्या पैशानं वर्ध्याच्या बसचं तिकीट काढलं. परत येताना ओवीनं फुगा मागितला, तो घेऊन दिला.

तिकीट पाहून योगेश म्हणाला, "निदान महिनाभर आधी तरी सांगायला हवं होतंस."

दुर्गाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आपण काय बोललो हे त्याला कळलं असावं, त्यानं मान वळवली. पण शब्द मागे घेतले नाहीत.

निघायच्या संध्याकाळी ओवीला कळू नये म्हणून दीपमाला तिला शेजारी घेऊन गेली. बॅग योगेशनं उचलली, रिक्षात ठेवली. "पोचल्यावर फोन कर," म्हणाला. त्यांनी मान हलवली.

वर्ध्याला आनंदीनं त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला. मेस आता तिच्या नावावर चालत होती, मुलंही सगळी नवी. "बाई, तुम्ही हवं तर भाज्यांचं पाहा," ती संकोचत म्हणाली. "तुमचा हात तर असा. महिन्याचं काय ते तुम्हीच सांगा."

"तुले परवडल तेवढं दे," दुर्गाबाई म्हणाल्या. पोराशी केली तशी घासाघीस आनंदीशी करायची त्यांना इच्छा झाली नाही.

आठवड्यानं दीपमालाचा फोन आला. बाई मिळाली होती, वीस हजारांवर. तिच्या आवाजात तक्रार नव्हती आणि लाजही नव्हती. "चांगली आहे," ती म्हणाली. "ओवी तिला आजीच म्हणते."

दुर्गाबाईंनी विचारलं, "नीट जेवते का ती?"

"जेवते."

मागून ओवीच्या हसण्याचा आवाज आला. तो ऐकू येत होता तोवर दुर्गाबाईंनी फोन कानाला धरून ठेवला.